ट्रॅक्टरला डिजिटल मीटर जोडताना : भिलाई-दुर्ग परिसरातील वापरकर्त्यांसाठी तांत्रिक विवेचन

भिलाईचे नाव घेताच पोलाद डोळ्यांसमोर येते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पुढील काळात विदर्भातून आलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी या नगरीत घर केले. कारखान्याच्या भिंतीपलीकडे मात्र दुर्ग, बालोद व बेमेतरा जिल्ह्यांची भातशेती पसरलेली आहे. तांदुला जलाशयाचे पाणी कारखान्यालाही मिळते आणि कालव्यांवाटे शेतांनाही. या शेतीत चिखलणीपासून मळणीपर्यंतची बहुतेक कामे आज ट्रॅक्टरवर होतात. २०१४-१५ मध्ये कृषी यांत्रिकीकरण उपअभियान सुरू झाल्यानंतर भाडेतत्त्वावर अवजारे देणाऱ्या केंद्रांनाही चालना मिळाली.

भाड्याचा व्यवहार तासांवर चालतो. म्हणून तास मोजणारे मीटर ही केवळ शोभेची वस्तू राहिलेली नाही. जुन्या ट्रॅक्टरवरील तारेने फिरणारे मीटर अनेकदा बंद पडलेले असते. त्याच्या जागी तास, इंजिनाचे फेरे, बॅटरीचा विद्युतदाब आणि पाण्याचे तापमान एकाच काचेवर दाखवणारे डिजिटल मीटर बसवण्याकडे कल वाढत आहे. मीटर स्वतः स्वस्त असते. ते चुकीच्या रीतीने जोडल्यास जळणारी वायर, बंद पडणारा अल्टरनेटर किंवा भर हंगामात उभा राहणारा ट्रॅक्टर मात्र महागात पडतो. कृषी विस्तार कार्यकर्त्यांना याविषयी विचारणा होते तेव्हा उत्तर बहुधा ‘कारागिराला विचारा’ एवढेच असते. कारागिराकडून काम करून घेतानाही कशाकडे पाहावे, हे शेतकऱ्यास ठाऊक असणे आवश्यक आहे.

तास म्हणजे नेमके काय?

जोडणीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे, कारण भाड्याचे बरेचसे वाद येथेच उगम पावतात. तारेवर चालणारे जुने मीटर घड्याळाचे तास मोजत नाही. ते इंजिनाचे फेरे मोजून त्यांचे तासांत रूपांतर करते. समजा ते मिनिटाला १,८०० फेऱ्यांना बेतलेले आहे. इंजिन तासभर १,२०० फेऱ्यांवर चालले, तर मीटरवर चाळीस मिनिटेच वाढतात. डिजिटल मीटर बहुधा घड्याळाप्रमाणे चालते. इंजिन मंद चालो वा वेगाने, तास तो तासच. सरासरी १,५०० फेऱ्यांवर सहा तास चिखलणी केली, तर जुन्या मीटरवर पाच तास दिसतील आणि नव्यावर सहा. मीटर बदलून दर मात्र तोच ठेवला, तर शेतमालकास दिवसामागे एका तासाचे भाडे अधिक द्यावे लागते. मीटर बदलताना दराचीही नव्याने बोलणी व्हावी, हे न्याय्य ठरते.

याला आणखी एक बाजू आहे. मीटरला वीज केवळ किल्लीच्या स्विचवरून दिली, तर इंजिन बंद असताना किल्ली चालू राहिली तरी तास वाढत राहतात. चालक जेवायला बसलेला असतो आणि मीटर धावत असते. यासाठी मीटरला इंजिन खरोखर फिरत असल्याची खूण मिळावी लागते. ती अल्टरनेटरकडून घेता येते. त्याची रीत पुढे दिली आहे.

बॅटरी : १२ व्होल्ट हे केवळ नाव

ट्रॅक्टरची विद्युतव्यवस्था १२ व्होल्टची म्हणवली जाते. प्रत्यक्षात हा आकडा क्षणोक्षणी बदलतो. पूर्ण भारित आणि विसावलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर तो १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत नेतो. सेल्फ मारताना स्टार्टर काहीशे अँपिअर प्रवाह ओढतो आणि दाब क्षणभर ८ व्होल्टपर्यंत, कमकुवत बॅटरीत त्याहूनही खाली उतरतो. त्या क्षणी मीटरची काच लुकलुकते किंवा विझून पुन्हा उजळते. ज्या मीटरवर ‘९ ते ३२ व्होल्ट’ अशी मर्यादा छापलेली असते, तेच ट्रॅक्टरसाठी घ्यावे. दुचाकीसाठी बनवलेले मीटर स्वस्त मिळते म्हणून ट्रॅक्टरवर चढवणे इष्ट नाही.

खरा धोका मात्र दाब उतरण्यात नाही, चढण्यात आहे. इंजिन चालू असताना, अल्टरनेटर बॅटरीला जोमाने भारित करीत असताना बॅटरीचे टोक सुटले, तर अल्टरनेटरचा दाब एकदम उसळतो. वाहनांच्या विद्युत उपकरणांसाठी असलेल्या आयएसओ १६७५०-२ या आंतरराष्ट्रीय मानकात १२ व्होल्टच्या व्यवस्थेसाठी अशा उसळीची चाचणी ७९ ते १०१ व्होल्टपर्यंत घेतली जाते. ही उसळी सेकंदाच्या अंशभरच टिकते. तेवढ्यात मीटरचा आतला भाग निकामी होऊ शकतो. एकच चांगली बॅटरी दोन यंत्रांना पुरवण्यासाठी ट्रॅक्टर सुरू करून चालू इंजिनावरच बॅटरी काढून घेण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. डिजिटल मीटर असलेल्या ट्रॅक्टरवर ती पूर्णपणे बंद करावी. सैल झालेले व हिरवट गंज चढलेले बॅटरीचे टोक याच प्रकारचा अपघात घडवते, फक्त गाजावाजा न करता. त्याचप्रमाणे बॅटरी उतरली म्हणून महामार्गावरील ट्रकची २४ व्होल्टची बॅटरी लावून ट्रॅक्टर सुरू करू नये.

फ्यूज अशा उसळीपासून वाचवील, हा समज चुकीचा आहे. फ्यूज दाबाला नव्हे, प्रवाहाला प्रतिसाद देतो, आणि त्यालाही वितळण्यास वेळ लागतो. उसळीपासून संरक्षणाची व्यवस्था मीटरच्या आतच असावी लागते. खरेदी करताना माहितीपत्रकात ती नमूद आहे का, हे पाहावे.

फ्यूज वायरीसाठी असतो

मग फ्यूज कशासाठी? वायरीसाठी. मीटर जेमतेम एक-दोन अँपिअर घेते. परंतु बॅटरीपासून निघालेली धन वायर वाटेत पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली आणि चॅसिसला टेकली, तर तिच्यातून शंभर अँपिअरहूनही अधिक प्रवाह वाहू शकतो. एक चौरस मिलिमीटरची वायर अशा वेळी काही सेकंदांत लाल होते, तिचे आवरण पेटते आणि शेजारच्या वायरीही धरते. भातकापणीनंतर बॉनेटखाली पेंढ्याचा भुसा साचलेला असतो. पुढे काय होईल, ते सांगण्याची गरज नाही.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच बसवावा. मीटरजवळ बसवलेला फ्यूज बॅटरीपासून तेथपर्यंतच्या वायरीचे रक्षण करू शकत नाही. ती संपूर्ण लांबी उघड्यावरच राहते. ही चूक सर्वाधिक आढळते, कारण मीटरसोबत आलेला फ्यूज बहुधा मीटरच्या शेपटीलाच लावलेला असतो. मीटर एक अँपिअर घेत असल्यास तीन अँपिअरचा फ्यूज पुरेसा होतो. पात्याच्या फ्यूजमध्ये तीन अँपिअरचा रंग जांभळा, दहाचा लाल व पंधराचा निळा असतो. जांभळा हाताशी नाही म्हणून निळा लावणे, किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळणे, म्हणजे फ्यूज नसण्यासारखेच होय. दोन जांभळे फ्यूज अवजारपेटीत ठेवण्यास फारसा खर्च येत नाही.

वायरीची जाडी ठरवताना अंतर जाता-येता असे दुप्पट धरावे. बॅटरी ते मीटर तीन मीटर असल्यास प्रवाहाचा मार्ग सहा मीटरचा होतो. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत एवढ्या अंतरास सुमारे ०.१ ओहम रोध असतो. दोन अँपिअर प्रवाहाला ०.२ व्होल्टची घट पडते. अर्धा चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच घट ०.४ व्होल्ट होते. मग मीटर बॅटरीचा दाब तेवढाच कमी दाखवते आणि चांगल्या बॅटरीवर संशय घेतला जातो.

अर्थिंगची न दिसणारी बाजू

धन वायरीकडे सर्वांचे लक्ष असते. ऋण वायर कोणत्याही बोल्टखाली दाबून दिली जाते. येथे एक विशेष धोका दडलेला आहे. इंजिनाला बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणारी जाड पट्टी किंवा केबल चिखल, पाणी व शेणखताच्या संपर्कात गंजते. स्टार्टरचा काहीशे अँपिअरचा प्रवाह तिच्यातूनच परतायचा असतो. ती गंजली, की प्रवाह अन्य वाट शोधतो. इंजिनावर बसवलेल्या संवेदकाचे लोखंडी अंग, त्याची बारीक वायर, मीटर आणि मीटरची ऋण वायर अशी ती वाट सापडते. सेल्फ मारताच ही बारीक वायर धूर सोडू लागते. शेतकरी मीटरला दोष देतो. दोष मात्र वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेल्या पट्टीचा असतो.

याची परीक्षा सोपी आहे. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरावे. डिझेल बंद ठेवून सहकाऱ्याने सेल्फ मारावा. आकडा अर्ध्या व्होल्टहून अधिक आला, तर मीटर जोडण्याआधी पट्टी सोडवून दोन्ही बाजू चकचकीत घासाव्यात किंवा पट्टीच बदलावी. त्यानंतर मीटरची ऋण वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकाजवळ न्यावी. रंगवलेल्या पत्र्यावरील स्क्रू हे अर्थिंगचे ठिकाण नव्हे. काही फार जुन्या विलायती ट्रॅक्टरांत धन टोक चॅसिसला जोडलेले असते. असा ट्रॅक्टर समोर आल्यास प्रथम मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी.

मीटरला वीज किल्लीच्या स्विचवरून द्यावी, सतत चालू असलेल्या टोकावरून नव्हे. विझलेले दिसणारे मीटरही थोडा प्रवाह घेत राहते. तो ५० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला १.२ आणि साठ दिवसांत ७२ अँपिअर-तास खर्च होतात. ८० अँपिअर-तासाची बॅटरी जवळजवळ रिकामी होते. रोवणी आटोपल्यावर कापणीपर्यंत उभा राहिलेला ट्रॅक्टर ऐन वेळी सुरू होत नाही, त्याचे एक कारण हे असते. ज्या मीटरला स्मृतीसाठी सतत वीज लागते, त्याच्या बाबतीत दीर्घ विश्रांतीपूर्वी तो फ्यूज काढून ठेवावा.

फेऱ्यांची खूण

बहुतेक अल्टरनेटरच्या मागे ‘डब्ल्यू’ अशी खूण असलेले टोक असते किंवा ते काढून घेता येते. त्यावर अल्टरनेटरच्या गतीनुसार कमी-अधिक वारंवारतेचा दाब मिळतो. इंजिन १,५०० फेऱ्यांवर असून कप्पीचे गुणोत्तर अडीच असेल, तर अल्टरनेटर मिनिटाला ३,७५० फेरे घेतो. सहा जोड ध्रुवांच्या अल्टरनेटरवर म्हणजे सेकंदाला ३७५ आवर्तने होतात. मीटरमध्ये हे गुणोत्तर भरावे लागते. ते न भरता मीटर दाखवील तो आकडा निरर्थक असतो. भरल्यावर परावर्ती पट्टी लावून हातातल्या टॅकोमीटरने एकदा पडताळणी करावी. इंजिनाच्या ज्या फेऱ्यांवर पीटीओ ५४० फेरे घेतो, तो आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेला असतो. मळणीयंत्र व रोटाव्हेटर यांच्यासाठी हीच पडताळणी सर्वांत उपयोगी ठरते. पट्टा सैल असल्यास तो घसरतो आणि मीटर फेरे कमी दाखवते, हेही ध्यानात असावे.

बॅटरी भारित होत असल्याचा दिवा ज्या टोकावर असतो, त्या टोकावरून मीटरला वीज घेण्याचा मोह काहींना होतो. ते टोक केवळ सूचनेसाठी आहे. त्यावर भार टाकला, तर अल्टरनेटर उद्दीपितच होत नाही आणि बॅटरी हळूहळू उतरते.

तापमानाच्या बाबतीत मूळ काट्याच्या संवेदकालाच दुसरी वायर जोडून डिजिटल मीटरला देऊ नये. काटा आणि मीटर दोघेही त्याच रोधावर विसंबतात. परिणामी दोघेही खोटे बोलू लागतात. मीटरसोबत आलेला स्वतंत्र संवेदक बसवावा. तेलदाबाचा मूळ लाल दिवा कोणत्याही स्थितीत काढू नये. काच बिघडली तरी तो दिवा इंजिन वाचवतो.

नव्या ट्रॅक्टरांची गोष्ट वेगळी

५० अश्वशक्तीपेक्षा अधिक क्षमतेच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-चार ही उत्सर्जन मर्यादा लागू झाली. अशा ट्रॅक्टरांवर इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे असते आणि त्याचे निरोप ‘कॅन’ नावाच्या पिळलेल्या दोन वायरींवरून धावतात. शेती व जड वाहनांत ही भाषा बहुधा जे-१९३९ या मानकाची असते. तिचा प्रचलित वेग सेकंदाला २५० किलोबिट. मोटारगाडीसाठी मिळणारे मीटर ही भाषा जाणत नाही. या दोन वायरी कोठेही सोलून त्यांना फांदी जोडू नये. नव्या मीटरची जोडणी केवळ निदानाच्या तयार सॉकेटमधून, तीही कंपनीच्या सेवा केंद्राची लेखी संमती घेऊन व्हावी. अन्यथा हमीचा प्रश्न उद्भवतो. बॅटरी सोडवून या दोन वायरींमधील रोध मोजल्यास तो ६० ओहमच्या आसपास येतो, कारण दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचे रोधक असतात. मीटर जोडल्यावर हा आकडा बदलला, तर मीटरच्या आत आणखी एक रोधक आहे असे समजावे आणि ते काढून टाकावे.

वेल्डिंग

भिलाईत वेल्डिंगचे दुकान शोधावे लागत नाही. केज व्हीलची पट्टी तुटली, ट्रॉलीचा हूक झिजला, की ट्रॅक्टर तसाच दुकानासमोर उभा केला जातो आणि टाके मारले जातात. काम दहा मिनिटांत होते. मीटर मात्र दुसऱ्या दिवशी मुके झालेले आढळते. विद्युत वेल्डिंगमध्ये शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लोखंडातून परतत असतो. त्याचा चिमटा मागच्या चाकाकडे आणि टाका पुढच्या बाजूला असेल, तर मधली सर्व विद्युतव्यवस्था त्या मार्गात येते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची दोन्ही टोके आणि मीटरचा जोड सोडवावा, चिमटा टाक्याच्या अगदी जवळ त्याच भागावर लावावा. शक्य असल्यास अवजार ट्रॅक्टरपासून वेगळे करूनच टाका मारावा. संगणक-नियंत्रित ट्रॅक्टरवर त्याचे जोडही पुस्तिकेप्रमाणे सोडवावे लागतात. हे सांगण्याची जबाबदारी ट्रॅक्टरमालकाची आहे. वेल्डरला मीटर कोठे जोडले आहे, हे ठाऊक नसते.

प्रत्यक्ष काम

काम सुरू करताना प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. धन टोक आधी सोडवले, तर पाना चुकून चॅसिसला टेकून ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ज्वालाग्राही असतो. जोडताना क्रम उलटा : धन आधी, ऋण शेवटी. हातातील घड्याळ व अंगठी काढून ठेवावी.

वायर सोलून, पीळ देऊन, वर टेप गुंडाळलेला जोड घरातसुद्धा चांगला नाही. ट्रॅक्टरच्या हादऱ्यांत तर तो एक हंगामही टिकत नाही. डाख देऊन केलेला जोड भक्कम वाटतो, परंतु डाख वायरीच्या तंतूंमध्ये शिरून तेवढा भाग ताठर करतो आणि हादऱ्यांमुळे वायर नेमकी त्याच्या कडेला तुटते. योग्य मापाचे थिंबल योग्य पक्कडीने दाबून वर आकुंचनारी नळी चढवणे, हीच खात्रीची रीत होय. पत्र्यातून वायर जाते तेथे रबरी ग्रोमेट बसवावे. संपूर्ण लांबी खाचदार नळीतून न्यावी. ती उंदरांपासूनही काही अंशी वाचवते. सायलेन्सर, पंख्याचा पट्टा व हायड्रॉलिक नळ्या यांपासून वायर दूर ठेवावी आणि वीतभर अंतरावर पट्टीने बांधावी.

चिखलणीच्या वेळी उडणारे पाणी वायरीवरून ओघळत मीटरमध्ये शिरते. यासाठी वायर मीटरला खालून वर जोडावी आणि जोडाच्या आधी तिला खाली लोंबणारा एक वळसा ठेवावा; पाणी त्या वळशाच्या तळाशी गळून पडते. ‘आयपी ६५’ म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा रोखणारे, ‘आयपी ६७’ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारे आवरण. भातशेतीसाठी दुसरे श्रेयस्कर; तरीही दाबाच्या पाण्याने ट्रॅक्टर धुताना नळी मीटरवर रोखू नये. मीटर बसवण्यासाठी चालकाच्या संरक्षक चौकटीला भोक पाडू नये वा तिच्यावर टाका मारू नये. ट्रॅक्टर उलटल्यास जीव वाचवणारी ती चौकट त्यामुळे दुर्बळ होते. त्याऐवजी पकडपट्टीने मीटर बांधावे. रस्त्याकडे पाहणारी नजर त्याने अडू नये, आणि रात्री दिवे लावताच काच मंद होईल अशी वायर असल्यास तीही जोडावी.

सर्व जोडून झाल्यावर लगेच फ्यूज घालू नये. त्याच्या जागी १२ व्होल्टचा निर्देशक दिव्याचा बल्ब जोडून किल्ली फिरवावी. बल्ब लखलखीत पेटला, तर कोठेतरी वायर चॅसिसला टेकली आहे असे समजावे. बल्बमुळे प्रवाह मर्यादित राहतो आणि दोष शोधण्यास उसंत मिळते. तो मंद लागला किंवा लागलाच नाही, तर फ्यूज घालून मीटर सुरू करावे, मल्टिमीटरने बॅटरीवरचा दाब मोजून मीटरवरच्या आकड्याशी ताडून पाहावा. पहिल्या दहा तासांच्या कामानंतर प्रत्येक जोड हाताने चाचपावा. जो कोमट लागेल, तो सैल आहे. कोणत्या रंगाची वायर कोठून कोठे गेली, याचा साधा आराखडा कागदावर काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत आसनाखालच्या अवजारपेटीत ठेवावा. पुढचा कारागीर बहुधा दुसराच असतो.